नाचत्या पावलांची वहाण

वाशीम जिल्ह्यात जे नाचले जाते, त्यातला मोठा भाग अनवाणी नाचला जातो. तांड्यातला तीजेचा फेर, होळीची लेंगी, दिंडीतली पावली आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेसाठी घटवला जाणारा कथकातला तत्कार यांची परंपरा, प्रसंग आणि शिस्त निरनिराळी असली, तरी नाचणाऱ्याचा उघडा तळवा थेट जमिनीला भिडलेला असतो, ही त्यांच्यातली समान गोष्ट आहे. यंदाच्या अंकाच्या ‘पाऊल’ या विषयसूत्राला धरून नर्तकाच्या पादत्राणांचा विचार करू लागले की तो नाचाच्या वेळेपाशी थांबत नाही. नाच दिवसातला एखादा तास असतो, उत्सवात फार तर तीन-चार तास. बाकीचा सारा दिवस तीच पावले शेताच्या बांधावर, महाविद्यालयाच्या जिन्यावर, एसटी स्थानकाच्या सिमेंटवर आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर उभी असतात. नाचाने दमलेल्या, तापलेल्या आणि थोड्याफार दुखावलेल्या तळव्याला सावरायचे काम या उरलेल्या वेळात व्हायचे असते. ते होते की नाही, हे बहुतांशी पायात काय आहे यावर ठरते.

1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला, वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा हा जिल्हा प्रामुख्याने सोयाबीन, तूर आणि कपाशी पिकवतो. येथे नर्तकांसाठी वेगळी पादत्राणे विकणारे दुकान शोधण्यात अर्थ नाही, आणि तशी गरजही नाही. येथल्या बाजारात आज मिळणाऱ्या, सामान्य कुटुंबाला परवडणाऱ्या वस्तूंमधूनच नाचणाऱ्या पावलाला योग्य असा जोड निवडता येतो; त्यासाठी पाऊल कसे काम करते, तळ कशाचा बनतो आणि झिजलेला तळ कोण दुरुस्त करतो, या तीन गोष्टींची माहिती मात्र हवी.

पोहरादेवीचा चैत्र

मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान असून, 15 फेब्रुवारी 1739 हा ज्यांचा जन्मदिवस मानला जातो त्या संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. रामनवमीच्या यात्रेसाठी महाराष्ट्रासह तेलंगण, कर्नाटक आणि इतर राज्यांतल्या तांड्यांतून लोक येथे लोटतात. बंजारा संस्कृतीचे दर्शन घडवणाऱ्या येथल्या संग्रहालयाचे उद्घाटन 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले, तेव्हापासून यात्रेच्या दिवसांबाहेरही या गावाकडे पाहुण्यांचा राबता वाढला आहे.

यात्रेचा काळ चैत्राचा, म्हणजे विदर्भातले ऊन चढणीला लागण्याचा. डांबर दुपारी इतके तापते की त्यावर उघडा पाय टेकवत नाही, आणि तरीही देवस्थानाच्या परिसरात वहाणा काढाव्याच लागतात. नंगाऱ्याच्या ठेक्यावर बायकांचा फेर धरला जातो तेव्हा घेराच्या कडेला चपलांचा ढीग लागलेला असतो आणि त्यात रबरी पट्ट्यांच्या साध्या हवाई चपलांचे प्रमाण सर्वांत जास्त असते. याचे कारण गरिबीपुरते नाही. यात्रेच्या गर्दीत वहाण हरवते, बदलली जाते किंवा चोरीला जाते, हा सर्वांचा अनुभव असल्याने चांगला जोड घरी ठेवून सर्वांत जुना जोड यात्रेला नेण्याची रीत पडली आहे. परिणामी ज्या दिवशी पावलांना सर्वाधिक चालावे आणि नाचावे लागते, नेमक्या त्याच दिवशी पायात सर्वांत झिजलेली चप्पल असते. जोड ठेवण्यासाठी नाडीची एक कापडी पिशवी शिवून ती खांद्याला अडकवण्याची साधी सवय लागली, तर या अडचणीचा निम्मा भाग सुटतो.

बंजारा स्त्रियांचा पोशाख या प्रश्नात महत्त्वाचा ठरतो. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, कांचळी म्हणजे पाठीशी बंदांनी बांधायची चोळी आणि डोक्यावरची ओढणी यांवर आरसे, कवड्या, नाणी आणि भरतकाम असल्यामुळे पूर्ण पोशाखाचे, त्यावर हातापायांतल्या दागिन्यांचे, वजन भरपूर होते. या वजनासह कमरेतून पुढे वाकून, टाळी देत, गिरकी घेत फेर पुढे सरकतो, तेव्हा शरीराचा भार पुन्हा पुन्हा चवड्यावर, म्हणजे बोटांच्या मुळाशी असलेल्या रुंद भागावर येतो. फेर एकाच दिशेने फिरत राहिला तर घेराच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूचे पाऊल सारखे काम करत नाही. एकावर वळण्याचा ताण जास्त पडतो, दुसऱ्यावर रेटा देण्याचा.

ऋतूही बदलतात. श्रावणातल्या तीजेत अविवाहित मुली टोपल्यांत गहू पेरतात, ते अंकुर नऊ दिवस जपतात आणि त्याभोवती गात नाचतात. त्या दिवसांत काळी माती ओली असते आणि चपलेच्या तळाला तिचे थरावर थर चिकटतात. फाल्गुनात लेंगी नाचली जाते तेव्हा शेते रिकामी होत आलेली असतात आणि तांड्याकडे जाणाऱ्या पाऊलवाटांवर तुरीची व पऱ्हाटीची धसकटे, म्हणजे कापणीनंतर जमिनीत उभी राहिलेली टोकदार खुंटे, असतात. बाभळीचा काटा तर हवाई चपलेच्या पातळ तळातून आरपार जातो. नाचाची जागा झाडून, सारवून घेतलेली असते. पण त्या जागेपर्यंत नेणारी वाट तशी नसते, आणि पायाला होणाऱ्या जखमांचे मूळ पुष्कळदा या वाटेत असते.

पाऊल आपटते तेव्हा

मानवी पावलात 26 हाडे असतात. ती सांधे, स्नायू आणि बंध यांनी अशी जोडलेली असतात की पाऊल टेकताना ते सैल होऊन धक्का शोषते आणि पुढे ढकलताना ताठ होऊन रेटा देते. टाचेखाली चरबीची एक जाड गादी असते. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याच्या आत एक चिवट पडदा ताणलेला असतो, त्याला तळपट्टा म्हणता येईल. तळव्याची कमान तोलून धरण्यात त्याचा मोठा वाटा असतो. नाचताना तळवा सपाट आपटला जातो, टाच वाजवली जाते किंवा चवड्यावर उडी झेलली जाते, तेव्हा टाचेची गादी, तळपट्टा आणि चवड्याची लांब हाडे हा मारा आलटून पालटून सोसतात. कथकाच्या तत्कारात ही क्रिया एका बैठकीत शेकडो वेळा होते. लावणी नाचणारीच्या पायांत त्याशिवाय चाळ म्हणजे घुंगरांचे जड पट्टे असतात आणि त्यांचा भार घोट्यावर व पोटरीवर पडतो.

जमीन कशाची आहे यावर हा मारा किती लागतो हे ठरते. शेणाने सारवलेले मातीचे अंगण किंचित दबते. नृत्यासाठी मुद्दाम बांधलेल्या लाकडी जमिनीखाली पोकळी ठेवलेली असते आणि त्यामुळे ती हलकीशी लवते. तालुक्याच्या गावांत मात्र नृत्याचे वर्ग बहुधा सिमेंटच्या कोब्यावर, शहाबादी फरशीवर किंवा गुळगुळीत लाद्यांवर भरतात, आणि या जमिनी लवत नाहीत. धक्क्याचा जो भाग जमीन घेत नाही तो हाडे आणि स्नायू घेतात. यातून होणारे त्रास ओळखीचे आहेत: सकाळी उठल्यावर पहिले पाऊल टेकताना टाचेत कळ येणे हे तळपट्टा सुजल्याचे नेहमीचे लक्षण असते, चवड्यावर घट्टे आणि कुरुपे होतात, टाचांना भेगा पडतात, पुरेशी विश्रांती न घेता सराव वाढवला तर लांब हाडांत केसासारखी बारीक चीर पडू शकते आणि एकाच ठिकाणी बोट लावले तरी दुखते. अशी नेमक्या जागेची वेदना काही दिवसांत उतरली नाही, तर पादत्राण बदलून भागत नाही. अस्थितज्ज्ञाला दाखवणे आवश्यक असते. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्याची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी तापलेल्या किंवा काटेरी जमिनीवर अनवाणी चालणे टाळलेच पाहिजे, कारण त्यांना झालेली जखम कळतच नाही.

नाचानंतरच्या वेळेचे महत्त्व यातून स्पष्ट होते. नाच थांबल्यावर तापलेले स्नायू निवू लागतात आणि ताणलेला तळपट्टा आखडू लागतो. त्याच वेळी नर्तकी झिजून कागदासारख्या झालेल्या चपलेत एसटीची वाट पाहत तासभर सिमेंटवर उभी राहिली, तर पावलाला विश्रांतीऐवजी आणखी भार मिळतो. नाच अनवाणी करणे हा परंपरेचा आणि कलेचा भाग आहे आणि त्यात बदल सुचवण्याचे कारण नाही. उलट तो तसाच राहावा म्हणून उरलेल्या वेळेची व्यवस्था लावणे गरजेचे ठरते.

पावली आणि लांबचा पल्ला

नाच आणि चाल एकाच दिवसात, एकाच पावलांनी, अखंड चालू राहण्याचे उदाहरण याच जिल्ह्यातून दरवर्षी जाते. शेगावहून आषाढी वारीसाठी निघणारी संत गजानन महाराजांची पालखी मेडशी, शिरपूर आणि रिसोड या वाटेने वाशीम जिल्हा ओलांडते आणि महिनाभर चालत सातशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापून पंढरपुरास पोहोचते. टाळ-मृदंगाच्या गजरात वारकरी पावली खेळतात. ठरावीक तालावर पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे पडणारी ही पावले, त्यातल्या उड्या आणि मध्येच रंगणारी फुगडी हे नृत्यच होय, मग खेळणाऱ्याने स्वतःला नर्तक म्हणवून घेतलेले नसले तरी.

वारकऱ्यांच्या पायांकडे पाहिले असता लांबच्या पल्ल्याने शिकवलेले शहाणपण दिसते. नवा कोरा जोड घालून वारीला निघू नये, तो आधी महिनाभर वापरून पायाला बसवावा. ओल्या पायाला घर्षणाने फोड येतात म्हणून मोजे बदलते ठेवावेत. मुक्कामावर पाय धुऊन, कोरडे करून, तेल चोळावे. वारीच्या वाटेवर गावोगावचे लोक वारकऱ्यांचे पाय चेपून देतात आणि चर्मकार बांधव तुटलेल्या वहाणा शिवून देतात, आणि या सेवेला अन्नदानाइतकेच पुण्य मानले जाते. पावलाची निगा हा सामूहिक जबाबदारीचा विषय आहे, हे वारीने फार पूर्वी स्वीकारले आहे. मंचावरच्या कलावंतांच्या बाबतीत तीच जाणीव अजून रुजायची आहे.

तळ कशाचा आहे

वाशीम, कारंजा किंवा रिसोडच्या बाजारपेठेतल्या पादत्राणांच्या दुकानात आणि आठवडी बाजारातल्या पालाखाली जे जोड टांगलेले असतात, त्यांची निवड रंग आणि पट्टा पाहून केली जाते. पाहायला हवा तो तळ. शंभर-दोनशे रुपयांना मिळणारी रबराची हवाई चप्पल हलकी असते, धुतली की स्वच्छ होते आणि दारात चटकन काढता येते, म्हणून ती घराघरांत आहे. तिची अडचण अशी की टाचेला धरणारे तिच्यात काही नसते आणि ती पायातून निसटू नये म्हणून बोटांना ती सतत आवळून धरावी लागते. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठातल्या, 2008 मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात अशा चपला घालून चालणाऱ्यांची पावले खेळाच्या बुटांतल्या पावलांपेक्षा आखूड पडतात, असे आढळले होते. न्हाणीघरापर्यंत किंवा अंगणात वावरण्यासाठी ती ठीक आहे. नाचून दमलेल्या बोटांना पुन्हा दिवसभर आवळायला लावण्यासाठी ती योग्य नाही.

पीव्हीसी या प्लास्टिकचा तळ चकचकीत आणि स्वस्त असतो, परंतु तो जड, कडक आणि ओल्या लादीवर निसरडा ठरतो. ईव्हीए हा फेसासारखा हलका पदार्थ धक्का चांगला शोषतो; मात्र काही महिन्यांत तो दबून बसतो आणि वरून नवा दिसणारा जोड आतून निकामी झालेला असतो. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा तळ अधिक काळ आकार धरतो, पण दमट हवेत वर्षानुवर्षे डब्यात पडून राहिला तर त्याचा भुगा होतो, म्हणून कार्यक्रमासाठी जपून ठेवलेला जोड ऐनवेळी तुटतो. असा जोड वापरात ठेवणेच श्रेयस्कर असते. तीनशे ते पाचशे रुपयांत मिळणारे कापडी कॅनव्हास बूट शाळांमुळे सर्वत्र उपलब्ध आहेत, त्यांत हवा खेळते आणि लेझीमसाठी ते उत्तम ठरतात. त्यांचा आतला तळ मात्र पातळ असल्याने त्यात वेगळी मऊ गादी घालणे चांगले.

यांखेरीज एक वस्तू औषधांच्या दुकानांत मिळते आणि नर्तकांचे तिच्याकडे लक्ष गेलेले नाही. ती म्हणजे एमसीआर चप्पल. एमसीआर म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचे मऊ रबर. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर तळव्यांना जखमा होऊ नयेत म्हणून जे काम उभे केले, त्यातून अशा रबराच्या पादत्राणांचा भारतात प्रसार झाला आणि पुढे मधुमेही रुग्णांसाठीही ती सुचवली जाऊ लागली. आत मऊ रबराचा थर, त्याखाली काटा न शिरू देणारा कठीण रबराचा थर आणि टाचेमागे पट्टा, अशी तिची रचना असते. ती दिसायला साधी आहे, पण सरावानंतरच्या तासांसाठी तिच्याइतकी विचारपूर्वक घडलेली आणि सामान्य माणसाच्या आवाक्यातली वस्तू दुसरी सहज सापडत नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्या घडणीचे कौतुक सर्वत्र होते. तिचा चामडी तळ वापराने पायाचा आकार घेतो हा गुण खरा, पण तो धक्का फारसा शोषत नाही, म्हणून टाच दुखत असताना तिला सुट्टी द्यावी.

दुकानात उभ्या उभ्या करायच्या काही परीक्षा आहेत. तळ अंगठ्याने दाबला असता किंचित दबून लगेच वर यावा. जोड दोन्ही हातांत धरून वाकवला असता तो चवड्यापाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. पिळल्यावर तो फडक्यासारखा पिळला जाऊ नये. टाच फार उंच नसावी आणि मागे पट्टा किंवा घट्ट कड असावी, मात्र ती घोट्यावर घासू नये, कारण घुंगरू आणि वाळे यांचे वळ तेथेच असतात. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी बसलेला जोड संध्याकाळी आवळतो.

रुंदीचा प्रश्न

लांबीचे माप जुळूनही जोड टोचतो, अशी तक्रार अनवाणी नाचणाऱ्यांकडून विशेष ऐकू येते आणि तिला आधार आहे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण भारतातल्या नित्य अनवाणी चालणाऱ्या लोकांच्या पावलांची तुलना पादत्राणे वापरणाऱ्यांशी करण्यात आली, तेव्हा अनवाणी चालणाऱ्यांचा चवडा अधिक रुंद असल्याचे आणि त्यांच्या तळव्यावरचा दाब अधिक समप्रमाणात वाटला जात असल्याचे दिसले. त्याआधी 1992 मध्ये कर्नाटकातल्या 2300 मुलांच्या पाहणीत, पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण 8.6 टक्के आणि न वापरणाऱ्यांत 2.8 टक्के आढळले होते. समोरून बंद असलेल्या बुटांपेक्षा सँडल आणि चपला वापरणाऱ्यांत ते कमी होते. अनवाणी नाचाने पाऊल बिघडते असे सरसकट मानता येत नाही. मोकळेपणी वाढलेल्या पावलाला अरुंद जोडात कोंबण्याने अधिक बिघडते.

भारतीय पावलांसाठी स्वतःची मापे असावीत म्हणून चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021 च्या अखेरीस आणि 2022 च्या आरंभी देशभरात एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मोजणी केली. भारतीय पावले सर्वसाधारणपणे अधिक रुंद असल्याने प्रचलित ब्रिटिश-युरोपीय मापांतले जोड त्यांना आवळतात, हा तिचा एक महत्त्वाचा निष्कर्ष होता, आणि त्यातूनच ‘भा’ या नावाने नवी मापपद्धती सुचवण्यात आली. ती दुकानांत रुळेपर्यंत उपयोगी पडेल असा घरगुती उपाय म्हणजे कोऱ्या कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची रेघ आखून घेणे, तो कागद कातरून दुकानात नेणे आणि जोडाच्या तळावर ठेवून पाहणे. कागद कडेने बाहेर येत असेल तर तो जोड कितीही सुंदर असला तरी घेऊ नये. पुढे सर्वांत लांब बोटापलीकडे साधारण एक सेंटीमीटर जागा उरावी.

विवाहित स्त्रियांच्या बाबतीत जोडवी हा आणखी एक मुद्दा येतो. अंगठ्याशेजारच्या बोटातले जोडवे बंद बुटात शेजारच्या बोटांवर रुतते आणि अंगठ्याच्या पट्ट्याच्या चपलेत तो पट्टा त्याच जागी घासतो. त्यांच्यासाठी चवड्यावर आडवा रुंद पट्टा, समोरून मोकळी बोटे आणि टाचेमागे बंद असलेला सँडल सोयीचा ठरतो. तो साडीवर आणि फेटियावर विशोभित दिसत नाही, नऊवारीखाली खेळाचे बूट घालण्याचा जो संकोच अनेकींना वाटतो तोही त्यात उद्भवत नाही आणि देवळाच्या किंवा घराच्या दारात तो एका हाताने काढता येतो.

गटई कामगाराची जागा

चांगला जोड घेणे हा निम्मा मार्ग झाला. तो टिकवण्याचा उरलेला मार्ग रस्त्याकडेला बसणाऱ्या गटई कामगारापाशी जातो. शासनाच्या कागदपत्रांत गटई कामगार म्हणून नोंदला जाणारा हा कारागीर म्हणजे पादत्राणे शिवणारा, तळ बदलणारा चर्मकार. त्यांच्यापैकी अनुसूचित जातीतल्या कारागिरांना ऊन-पावसापासून निवारा मिळावा म्हणून समाजकल्याण खात्याकडून पत्र्याचे स्टॉल देण्याची योजना आहे, आणि 1974 मध्ये स्थापन झालेले, आज संत रोहिदास यांचे नाव धारण करणारे चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ या व्यवसायासाठी काम करते. समाजाने ज्या हातांना जातीच्या उतरंडीत खाली ठेवले, त्याच हातांवर सर्वांची चाल अवलंबून आहे, ही गोष्ट या संदर्भात उच्चारणे आवश्यक आहे.

त्याच्या पेटीत चामडे कापण्याची रापी, दोरा ओढण्याची आरी, खिळे, मेणाचा दोरा, चिकटवण्याचे सोल्युशन आणि जोड उलटा बसवायचा लोखंडी पाय एवढाच संच असतो. तेवढ्यावर नर्तकांना उपयोगी अशी बरीच कामे होतात. साध्या सँडलला टाचेमागे पट्टा जोडता येतो. दबलेल्या गादीच्या जागी नवी रबरी गादी कापून बसवता येते. आवळणारा पट्टा उसवून अर्धा बोट सैल शिवता येतो. एका कडेने झिजलेल्या टाचेला रबराचा तुकडा लावून ती समतल करता येते, आणि हे काम वेळेवर झाले नाही तर घोटा रोज थोडा थोडा कलत जातो. झिजलेला तळ पाहून चालणारा कोणत्या बाजूला भार देतो हे अनुभवी कारागीर सांगू शकतो. नृत्यशिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांच्या चपलांचे तळ वर्षातून दोनदा पाहिले, तरी कोणाचे पाऊल आत कलते आणि कोणाचे बाहेर, हे त्याला वर्गात न दिसलेले दिसू लागेल. एकसंध साच्यात ओतलेल्या जोडाला शिवण घालायला जागा नसते, म्हणून खरेदी करतानाच तो दुरुस्त होण्याजोगा आहे का, हे विचारून घ्यावे.

हिशेब कोणाच्या वहीत

किमतीचा विचार वर्षभराच्या हिशेबाने केला की चित्र बदलते. समजा दीडशे रुपयांची चप्पल चार महिन्यांत झिजते, तर वर्षाला साडेचारशे रुपये जातात आणि पावलाला आधार कधीच मिळत नाही. सहाशे रुपयांचा सँडल मधल्या दुरुस्तीसह दोन वर्षे चालला, तर तो वर्षाला तीनशेच्या आसपास पडतो. तरीही सहाशे रुपये एकरकमी बाहेर काढणे हे शेतमजुरीवर चालणाऱ्या घराला जड असते, आणि खरी अडचण तेथे आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडांवरचा वस्तू व सेवा कर पाच टक्के झाला. त्यापूर्वी हजार रुपयांपर्यंत बारा आणि त्यावर अठरा टक्के कर होता. या बदलाने थोडा दिलासा मिळाला असला, तरी त्याने प्रश्न पूर्ण सुटत नाही.

तो सुटायचा असेल तर नर्तकाच्या पादत्राणाला पोशाखाचा भाग मानावे लागेल. सांस्कृतिक कार्यक्रमासाठी पथक ठरते तेव्हा पोशाख, दागिने, वाद्ये आणि प्रवास यांचा खर्च मांडला जातो. पादत्राण ज्याचे त्याने आणावे असे गृहीत धरले जाते, कारण मंचावर ते दिसत नाही. वाशीमसह पाच जिल्ह्यांसाठी असलेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या युवा महोत्सवात लोकनृत्याची पथके उतरतात, त्यांच्या महाविद्यालयांना दर विद्यार्थ्यामागे एका साध्या, मागे पट्टा असलेल्या सँडलचा खर्च उचलणे अशक्य नाही. यात्रा समित्यांनी नाचाच्या जागेलगत क्रमांकाच्या चिठ्ठ्या देऊन वहाणा सांभाळण्याची सोय केली, तर चांगला जोड घालून येण्याची भीती उरणार नाही. मंदिरातून मंचाकडे जाणाऱ्या तापलेल्या पट्ट्यावर तरट टाकून पाणी शिंपडले, तर तळवे भाजणार नाहीत. नृत्यवर्गांनी प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येकाच्या पावलाचा कागद आखून घ्यावा आणि सर्वांचे जोड एकत्र घ्यावेत, म्हणजे दुकानदार भाव कमी करतो आणि तालुक्यातल्या गटई कामगाराला पट्टे व गाद्या बसवण्याचे काम एकगठ्ठा मिळते.

या उपायांपैकी एकाही उपायासाठी परदेशी वस्तू, मोठे दुकान किंवा नवा निधी लागत नाही. लागते ते एवढेच की तीजेत फेर धरणारी मुलगी, पावली खेळणारा वारकरी आणि तत्कार घटवणारा विद्यार्थी यांच्या कलेचे मोल ठरवताना त्यांच्या तळव्याच्या झिजेचा हिशेबही आयोजकांच्या आणि शिक्षकांच्या वहीत लिहिला जावा. अनवाणी नाच ही या जिल्ह्याने जपलेली ठेव आहे; ती जपणाऱ्यांना नाचाबाहेरच्या वेळेत धड पादत्राण मिळवून देणे हे त्या ठेवीचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे, आणि त्याची सुरुवात येत्या यात्रेआधी, येत्या प्रवेशाच्या दिवशी, आपापल्या गावात करता येण्याजोगी आहे.